थ्रो-इनचा दोन दिवसांचा क्लास केलो, १८०० रुपयांतले किती वसूल झाले ते सांगतो

आधीच सांगून सोडतो, क्लासचं नाव मी लिहीत नाही. माझं कुणाशी भांडण नाही आणि बेळगावात फुटबॉलवाले सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या परत त्याच ग्राऊंडवर तोंड दाखवायचंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. टिळकवाडीत झाला, मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, फी १८०० रुपये, विषय एकच, थ्रो-इन, म्हंजे बॉल बाजूच्या लाईनीबाहेर गेला की हातानं परत आत टाकणं. कॉर्नर नाही, फ्री किक नाही, फक्त थ्रो-इन, आणि त्यातही अटॅकिंग थ्रो, म्हंजे समोरच्यांच्या अर्ध्यात मिळालेल्या थ्रोचं करायचं काय. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बॉल हातानं आत टाकायला शिकायचे अठराशे? मला द्या की, मी टाकून दाखवते." तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी कोण ते सांगतो म्हंजे कुठल्या अंगानं लिहूलोय ते कळेल. उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, पहिली शिफ्ट, साडेतीनला सुटतो आणि पाचला गल्लीतली पंधरा-सोळा पोरं घेऊन ग्राऊंडवर. पोरं १४-१५ वर्षांची. कोचिंगचं लायसन्स-बिसन्स माझ्याकडं काही नाही. स्वतः लेफ्ट बॅक, म्हंजे डाव्या अंगाचा डिफेंडर, खेळायचो, आयुष्यात हजारो थ्रो टाकले असतील आणि सगळे एकाच पद्धतीनं, लाईनीला धरून, पुढं, जोरात, बाकी देवावर. पोरांनापण तेच शिकवलो. मग गेल्या वर्षी एका मॅचला आम्ही हरूलोय, मला बाहेर बसून काही सुचेना, म्हणून वहीत खुणा करत बसलो. आमचे थ्रो २३. त्यातल्या १४ वेळा दोन टचच्या आत बॉल त्यांच्याकडं. म्हंजे अर्ध्याहून जास्ती वेळा तो थ्रो त्यांचाच होता, फक्त टाकायचे कष्ट आमचे. ती वही डोक्यात होती आणि व्हॉट्सॲपवर ह्या क्लासची जाहिरात आली, वर एक पोरगा धनुष्यासारखा मागं वाकलेला आणि खाली "थ्रो-इनमधून गोल करा". तिथंच फोनवरनं पैसे भरून सोडलो.

पहिला दिवस. वेळ आठची, सुरू सव्वानऊला. नाष्टा चांगला होता त्याबद्दल तक्रार नाही, इडली-वडा गरम आणि चटणी पातळ पण झणझणीत. त्यानंतर मात्र दीड तास हॉलमध्ये प्रोजेक्टर. बाहेर ग्राऊंड मोकळं, ऊन अजून चढलेलं नाही, आणि आम्ही चाळीस-बेचाळीस जण पंख्याखाली बसून व्हिडिओ बघूलोय. व्हिडिओ वाईट नव्हते. इंग्लंडमधल्या स्टोक सिटी क्लबचा रोरी डेलॅप दाखवले, पोरवयात भालाफेकीत चॅम्पियन असलेला माणूस, २००८ ला स्टोक प्रीमियर लीगमध्ये चढल्यावर त्याच्या थ्रोनं मोठमोठ्या टीमच्या डिफेन्सचं पाणी केलं होतं, टॉवेलनं बॉल पुसूलाय आणि आत गोलकीपरचा चेहरा बघण्यासारखा. मग आइसलँड, २०१६ चा युरो, नीसमधली इंग्लंडबरोबरची मॅच. चौथ्या मिनिटाला इंग्लंडच्या रूनीची पेनल्टी आणि सहाव्या मिनिटाला बरोबरी, तीपण थ्रोवर. गुन्नारसननं लांब टाकला, आर्नासननं डोकं लावून पुढं सरकवला, सिगुर्डसननं आत ढकलला. तीन माणसं, बॉल खाली जवळजवळ आलाच नाही. हॉलमध्ये सगळे "अरारारा" करून उठले, आणि हा व्हिडिओ त्यांनी चार वेळा लावला. चार वेळा. लक्षात ठेवा, पुढं ह्याच गोलानं मला तोंडावर पाडलंय.

शेवटची पाच मिनिटं थॉमस ग्रोनेमार्कची. हा डेन्मार्कचा माणूस, कामच थ्रो-इन शिकवायचं, दुसरं काही नाही. २०१८ ला लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉपनं त्याला क्लबात आणलं. स्क्रीनवर जो आकडा होता तो मी वहीत उतरून घेतलो: २०१७-१८ ला लिव्हरपूलचा थ्रो झाला आणि समोरचे अंगावर आले की बॉल आपल्याकडं राहायचं प्रमाण ४५.४ टक्के, प्रीमियर लीगमध्ये १८ वा नंबर, आणि तो आल्यावर पुढच्याच सीझनला ६८.४, पहिला नंबर. मी मनातल्या मनात माझ्या २३ चा हिशोब केला, आपलं ३९ आलं. जरा बरं वाटलं खोटं कशाला बोलू, क्लॉपच्या टीमचंपण आपल्याच वाटेनं चाललेलं की. आणि गंमत म्हंजे ह्याच माणसाच्या नावावर लांब थ्रोचं वर्ल्ड रेकॉर्ड झालं होतं, २०१० ला (नंतर ते मोडलं), कोलांटी मारून ५१.३३ मीटर, आणि तरी लिव्हरपूलला त्यानं घोटून घेतलं ते जास्ती करून जवळचं, बॉल आपल्याकडं राहायचं. क्लासवाल्यांनी इथं थांबायला हवं होतं. दीड तासातला एक तास ह्यावर द्यायचा सोडून पाच मिनिटांत गुंडाळलं, कारण धनुष्यासारखा वाकलेला पोरगा जाहिरातीत बरा दिसतो.

दुपारी ग्राऊंड. लांब थ्रो कसा टाकायचा. नियम सगळ्यांना माहीत असतात असं वाटतं पण चाळीसातल्या निम्म्यांना नव्हते, त्यामुळं ही उजळणी उपयोगी पडली: तोंड ग्राऊंडकडं, दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीला, लाईनीवर किंवा लाईनीच्या बाहेर, दोन्ही हातांनी, बॉल डोक्याच्या मागनं आणून डोक्यावरनं. समोरच्यानं दोन मीटर लांब राहायचं. थेट गोलात गेला तर गोल नाही, त्यांना गोल किक. फाऊल थ्रो झाला की थ्रो त्यांना. हे झाल्यावर धावत येणं, पुढचा पाय टेकवणं, मागच्या पायाचा चवडा ओढत आणणं, पाठीची कमान, मग हात. शिकवायची पद्धत चांगली होती, प्रत्येकाचा मोबाईलवर स्लो मोशन काढून "हे बघ, इथं पाय उचलूलास" असं दाखवत होते. पण बॉल आठ आणि माणसं चाळीस. दीड तासात माझ्या वाट्याला अकरा थ्रो आले, मोजलेत.

एक गोष्ट चुकीची सांगितली ती लिहितोच. अँगल ४५ डिग्री ठेवा म्हणाले, शाळेत शिकला नाही का म्हणून वर आम्हालाच विचारले. मला तेव्हाच खटकलं कारण ४५ नं टाकला की बॉल वरच्या वर जातो आणि हातात जोर येत नाही. नंतर शोधून वाचलो, ह्याच्यावर रीतसर अभ्यास झालाय आणि थ्रो-इनला सगळ्यात लांब जाणारा अँगल ३० डिग्रीच्या आसपास येतो. कारण साधं आहे, माणसाचे हात जितकं सपाट टाकतील तितका जास्ती वेग देऊ शकतात, वरच्या दिशेनं ढकलायला गेलं की वेग पडतो. शाळेतलं गणित धरून चालतं की वेग सगळीकडं सारखाच, खांद्याला ते कोण सांगणार. आणि सपाट थ्रोचा दुसरा फायदा त्यांनी सांगितलाच नाही, बॉल लवकर पोचतो, डिफेंडरला मान वर करून जागा धरायला वेळ मिळत नाही. आमच्या पोरांना मी हॉटेलातल्या डोशाच्या तव्याचा उतार म्हणून सांगतो, त्यांना कळतंय.

आता दुसरा दिवस, आणि इथं माझे पैसे फिटले. मुख्य कोच कुठं तरी लग्नाला गेले (हो, खरंच) आणि सकाळ त्यांच्या असिस्टंटवर पडली. धारवाडकडचा पोरगा, पंचविशीचा असेल, मराठी अर्धी, हिंदी अर्धी, आणि तापला की पूर्ण कन्नड. त्यानं प्रोजेक्टरला हात लावला नाही. सरळ लाईनीवर उभा राहिला, बॉल हातात, आणि विचारला, "मी कुठं आहे?" सगळे गप्प. "मी बाहेर आहे. म्हंजे आत तुम्ही एक कमी आहात. त्यांचे अकरा, तुमचे दहा. थ्रो तुमचा आहे म्हणून तुम्ही खूश होताय, पण तुम्ही कमी आहात." वीस वर्षं थ्रो टाकून हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्याकडं सीमारेषा म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण ह्या रेषेच्या बाहेर उभा राहिलेला माणूस म्हंजे आपला एक गडी कमी, एवढं साधं.

मग त्यानं काढलं ते सगळं ह्याच एका वाक्यातनं. एक कमी आहे तर जागा आपण तयार केली पाहिजे, आयती मिळणार नाही. आपली पोरं काय करतात, थ्रो मिळाला की तिघं-चौघं टाकणाऱ्याच्या जवळ येऊन हात वर करून उभी राहतात, प्रत्येकाच्या पाठीला एक डिफेंडर चिकटलेला, म्हंजे ज्या जागेत बॉल टाकायचा ती जागा आपणच भरून टाकली. तो म्हणाला जागा आधी रिकामी करा, मग तिथं या. उभं राहून मागू नका, येऊन घ्या. आणि एक ड्रिल घेतलं जे मी त्या दिवसापासनं आठवड्यातनं तीनदा घेतो, ते नीट सांगतो.

लाईनीवर टाकणारा. एक जण, ह्याला पुढचा म्हणू, लाईनीला धरून आठ-दहा पावलं पुढं. दुसरा, आतला, तेवढाच लांब पण ग्राऊंडच्या आत. दोघांच्या पाठीला एकेक डिफेंडर. पुढचा एकदम टाकणाऱ्याकडं धावत येतो, हात पुढं, तोंडानं "दे दे दे". त्याचा डिफेंडर त्याच्या मागं येणारच, न येऊन सांगतो कुणाला. पुढच्याची जागा रिकामी झाली. आता आतला मनात एक-दोन म्हणतो आणि पुढच्याच्या पाठीमागनं तिरका त्या रिकाम्या जागेत, लाईनीकडं. बॉल पुढच्याच्या खांद्यावरनं. झालं. कागदावर सोपं आहे, ग्राऊंडवर दोन गोष्टींवर सगळं अडतं. पहिली, ते एक-दोन. दोघं एकदम निघाले की दोन्ही डिफेंडर एकाच जागी गोळा होतात आणि बाजारात गर्दी होते तसं होतं. दुसरी, टाकणाऱ्याचे डोळे. पोरं जिथं टाकायचंय तिथंच बघतात. त्यानं एकेकाला उभं करून घोटून घेतलं, बघायचं पुढच्याकडं, मान त्याच्याकडं, बॉलपण त्याच्या दिशेनं वर, आणि टाकायचा दुसऱ्याला. मागनं त्याचं चाललंय, "नोडबॅड, नोडबॅड!" बघू नको बघू नको. आमच्या ग्रुपला एक खानापूरचे पीटी सर होते, पन्नाशीचे, त्यांना हे दहाव्या वेळेला जमलं तर त्यांनी दोन्ही हात वर करून ग्राऊंडला अर्धी फेरी मारली.

ह्यातनं पुढचं त्यानं जोडलं ते असं की सगळ्यात मोकळा गडी कोण, तर टाकणाराच, कारण त्याला कुणी मार्क करत नाही, सगळे घेणाऱ्यांवर. म्हणून टाकलास की लाईनीवर पुतळा होऊ नको, लगेच दोन पावलं आत ये, ज्याला टाकलास तो एका टचमध्ये तुलाच परत देईल. दुसऱ्याचा पाय लागल्याशिवाय आपण परत लावायचा नाही एवढं सांभाळलं की झालं. आणि बॉल टाकायचा कुठं, तर डिफेंडरपासनं लांब असलेल्या पायावर, हळू, खाली. गुडघ्याला उड्या मारत येणारा बॉल म्हंजे शिक्षा, तो ना पायानं धरता येतो ना छातीनं. तिसरी वाट मागं. थ्रोला सगळी गर्दी एका बाजूला आलेली असते, तिकडची बाजू ओसाड पडलेली, तर मागं सेंटर बॅकला, म्हंजे मधल्या डिफेंडरला, द्या आणि दोन पासमध्ये पलीकडं. पोरांना मागं टाकणं म्हंजे भित्रेपणा वाटतो, त्यांचे बापपण बाहेरनं ओरडतात "पुढं टाक की बे". त्याला तो म्हणाला, बापांना सांगा, बॉल मागं गेला, मॅच नाही.

एक गंमत सांगून पुढं जातो. शेवटी तो म्हणाला, कुणीच मोकळा नसेल आणि समोरचा तुमच्याकडं पाठ करून उभा असेल तर त्याच्याच पाठीला हलका मारा, उडून आलेला बॉल तुम्हीच घ्या. चाळीस जण हसले. पण नियमात बसतंय, जोरात किंवा धोका होईल असा मारला नाही तर रेफ्री खेळ चालू ठेवतो. आमची पोरं हे ऐकून जी खूश झाली, पुढचा आठवडाभर मला पाठ फिरवायची सोय नव्हती.

दुपारी मुख्य कोच परत आले आणि परत लांब थ्रो. गोलच्या पहिल्या, म्हंजे जवळच्या खांबाजवळ उंच गडी उभा करायचा, तो डोकं लावून मागं सरकवणार, बाकीचे घुसणार. सोबत एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं, दोन्ही बाजूला चित्रं, छपाई चांगली, पावसात टिकलंय. त्यावर वर ठळक अक्षरात लिहिलंय, थ्रो-इनला ऑफसाईड नसतो. ऑफसाईड म्हंजे आपल्याचा पास यायच्या आधीच समोरच्यांच्या डिफेंडरच्या पलीकडं जाऊन उभं राहणं. दोन दिवसांत हे वाक्य मी तीन-चार वेळा ऐकलो असेन. खरं आहे. पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आम्ही ऑगस्टमध्ये शिकलो.

त्याआधी आमचं ग्राऊंड सांगतो, कारण क्लास झाला तो गवतावर आणि आमचं म्हंजे लाल माती, वर बारीक खडी, एका अंगाला उतार आणि उताराला लागून भात. बॉल तिकडं बाहेर गेला की थेट भातात. कार्डावर लिहिलंय "पटकन थ्रो घ्या, समोरचे वळायच्या आत". आमचा पोरगा चिखलात उतरून बॉल काढून आणेपर्यंत समोरचे वळून, पाणी पिऊन, दोन गोष्टी बोलून तयार. मग मी काय केलो, भाताच्या बाजूला दुसरा बॉल घेऊन बारकं पोरगं बसवलो, सरावाला तरी. मॅचला रेफ्रीला आधी विचारून घेतो. पायावर टाका हेपण आमच्या खडीवर चालत नाही, बॉल कुठं उडेल ते देवाला माहीत, म्हणून आम्ही छातीवर टाकतो. ओला बॉल तर हातातनं सटकतोच, डेलॅपचा टॉवेल तेव्हा आठवला, आता आमच्या प्रत्येक थ्रोवाल्याच्या जर्सीच्या आत जुन्या बनियनचा तुकडा खोचलेला असतो. ह्या सगळ्याबद्दल क्लासमध्ये एक शब्द नाही. बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो ते क्लासवाल्यांनाही माहीत असणारच की.

तर ऑगस्ट. मंडळांची छोटी टुर्नामेंट, समोर कॅम्पातली पोरं, आमच्याहून उंच आणि बुटं आमच्याहून चांगली. पहिल्या हाफला त्यांच्या कॉर्नरजवळ थ्रो मिळाला. आमचा राईट बॅक, बारका आहे, लांब टाकता येत नाही त्याला. पुढचा "दे दे दे" करत धावत आला, त्याचा डिफेंडर चिकटून, आतला थांबला, एक, दोन, आणि निघाला. राईट बॅक पुढच्याकडं बघूलाय आणि बॉल त्याच्या खांद्यावरनं गेला. आतल्यानं छातीवर घेतला, एका टचमध्ये परत राईट बॅकला, तो आत आलेला होताच, एकटा, अंगावर कुणी नाही, मान वर करून बघायला त्याला वेळ होता. त्यानं आरामात मागं कट केला आणि आमच्या मिडफिल्डरनं पेनल्टी स्पॉटच्या जरा मागनं मारला. खांबाला लागून आत. हे मी दोन-अडीच महिने आठवड्यातनं तीनदा बघितलोय तरी त्या दिवशी ग्राऊंडवर झालं तेव्हा मला पटलंच नाही, मी बाजूच्या माणसाला विचारलो, "खरंच थ्रोवरनं झाला न्हवं?"

दुसऱ्या हाफला पोरांना चेव चढला. लांब थ्रो. आमच्यातला एक दांडगा पोरगा बऱ्यापैकी टाकतो, त्यानं पहिल्या खांबाला टाकला, सेंटर बॅकनं डोकं लावलं, बॉल मागं सरकला आणि आमचा स्ट्रायकर गोलकीपरच्या अंगाला चिकटून उभा, त्यानं आत ढकलला. हुबेहूब आइसलँड. आम्ही नाचूलोय आणि तिकडं झेंडा वर. ऑफसाईड. मग जे व्हायचं तेच झालं, पोरांचे बाप, काका, मी, सगळे एका सुरात, "थ्रोला ऑफसाईड नसतो वो सर!" मी तर खिशातनं कार्ड काढून दाखवायला निघालो. रेफ्री वयस्कर माणूस, शांतपणे आला आणि म्हणाला, "अहो, थ्रोवरनं नाही. तुमच्या पोरानं डोकं लावलं ना, तिथं थ्रो संपला. त्यानंतर तो पास झाला. आणि पासला तुमचा हा कुठं उभा होता?" कुठं उभा होता, तर सगळ्या डिफेंडरच्या पुढं, गोलकीपरच्या मांडीवर बसायचा तेवढा बाकी होता. मी कार्ड खिशात घातलो. थ्रो थेट ज्याला मिळतो त्याला ऑफसाईड नाही, तो मागच्या डिफेंडरच्याही मागं उभा राहू दे. पण त्याचा टच झाला की पुढचं सगळं नेहमीच्या नियमानं. म्हणून घुसणाऱ्यानं मागनं घुसायचं, आधीच जाऊन ठाण मांडायचं नाही. एवढं एक वाक्य कार्डावर हवं होतं, जागापण होती, तिथं त्यांनी स्वतःचा लोगो छापलाय.

आणि वर त्यानंतर पाच मिनिटांनी परत लांब थ्रो, आमची सगळी फौज त्यांच्या बॉक्समध्ये, त्यांच्या उंच पोरानं हेड मारून बाहेर काढला आणि आमच्या अर्ध्यात आमचा गोलकीपर सोडून कुणी नाही. १-१. मॅच तशीच संपली. मागं दोघं ठेवा आणि बॉक्सच्या बाहेर सुटलेल्या बॉलसाठी एक ठेवा हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलंय म्हणे, मला चष्मा लावून दिसलं.

दुसरी तक्रार जास्ती गंभीर आहे. क्लासमध्ये जड मेडिसिन बॉल डोक्यामागनं टाकायला लावले आणि "घरी जाऊन पोरांकडनं रोज करून घ्या" म्हणाले. किती, कुठल्या वयाच्या पोरांकडनं, काही नाही. मी मूर्खासारखा करून घेतलो. तीन आठवड्यांत त्या दांडग्या पोराची कंबर धरली, डॉक्टरनी दोन आठवडे बसवलं आणि मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. चूक माझी आहे, पण अठराशे रुपये घेऊन कोच घडवायला निघालात तर चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीबद्दल दोन शब्द बोलायला काय जातं. आता आम्ही आठवड्यातनं एकदाच लांब थ्रो घेतो, तेपण साध्या बॉलनं, एका पोराचे दहा, बास.

रेटिंग म्हणाल तर पाचपैकी तीन, आणि ते तीनच्या तीन दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे. ज्यांच्या टीममध्ये सतरा-अठरा वर्षांची दांडगी पोरं आहेत, ग्राऊंड गवताचं आहे, त्यांना पहिल्या दिवसाचापण उपयोग होईल. हल्ली ब्रेंटफर्डसारख्या टीम परत लांब थ्रोवर जीव टाकूलेत ते टीव्हीवर दिसतंयच, तर फॅशन आहे. पण बारकी पोरं शिकवत असाल तर जायच्या आधी फोन करून विचारा की तो धारवाडकडचा असिस्टंट आहे का. असेल तर डोळे झाकून भरा. नसेल तर वर जे ड्रिल लिहिलंय ते चार चपला ठेवून घरच्या ग्राऊंडवर घ्या, फुकट आहे. मी गेल्या महिन्यात परत वही काढलो, एका मॅचला आमचे १९ थ्रो, त्यातले ११ वेळा बॉल आमच्याकडं राहिला. एका मॅचवरनं काय सिद्ध होत नाही, पण वही ठेवलीय.

डिसेंबरमध्ये परत बॅच आहे असा मेसेज आलाय, ह्या वेळेला फी २२००. मी विचारलो, फक्त रविवार सकाळ येऊ का, निम्मी फी देतो. अजून उत्तर नाही. आणि टी-शर्ट सगळे मीडियमच होते, ते आमच्या घरात मुलग्याला बसलंय, पाठीवर "थ्रो-इन स्पेशालिस्ट" लिहिलेलं घालून तो क्रिकेट खेळायला जातो.